डार्ट फ्रॉगसाठी काचेचं घर: बेडूक सगळ्यात शेवटी आणा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी डायनिंग टेबलच्या शेजारी दीड फूट बाय दीड फुटाची एक काचेची पेटी आहे, आत झाडं, शेवाळ, पालापाचोळा, आणि त्यात कुठेतरी दोन पिवळे-काळे बेडूक, डार्ट फ्रॉग. आलेला प्रत्येक पाहुणा आधी विचारतो, "अरे हे विषारी असतात ना?" आणि दुसरा प्रश्न, "किती खर्च आला?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्यासाठी हा सगळा लेख.

तर आधी विषाचं. जंगलात, म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, हे बेडूक मुंग्या आणि बारीक कोळीवर्गीय किडे खातात आणि त्यातूनच त्यांच्या कातडीत विष साठतं. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचे एम्बेरा लोक ज्या बेडकाचं विष फुंकणीच्या बाणांना लावायचे तो फायलोबेटिस टेरिबिलिस, सगळ्यात जहाल. पण घरात अंड्यातून वाढवलेल्या आणि फळमाश्या खाऊन मोठ्या झालेल्या बेडकात ते विष तयारच होत नाही, कारण कच्चा मालच मिळत नाही. तरीही हातात घेऊ नका, आपल्यासाठी नाही, त्याच्यासाठी. त्याची कातडी सगळं शोषून घेते, आपल्या हाताचं मीठ, क्रीम, सॅनिटायझर, सगळंच. हा बघायचा प्राणी आहे, खेळायचा नाही, हे घरातल्या लहान मुलांना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे सगळं सुरू झालं ते मुलगी बाल्टिमोरच्या अ‍ॅक्वेरियममध्ये निळ्या बेडकासमोर पाऊण तास हलली नाही म्हणून, आणि तिला हे पटवायला मला महिना लागला.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणी सांगितली नाही. लोक बेडूक बघतात, प्रेमात पडतात, त्याच दिवशी बेडूक आणि पेटी एकत्र घरी आणतात, आणि मग धावपळ सुरू होते. क्रम नेमका उलटा हवा. आधी पेटी, मग माती-झाडं, मग त्यातले बारीक किडे, मग माश्यांचं कल्चर, म्हणजे बेडकांच्या खाण्यासाठी कपात माश्यांची पैदास, आणि हे सगळं सहा ते आठ आठवडे नीट चाललं की मग बेडूक. गणपतीत मूर्ती आणायच्या आधी मखर तयार असतं ना, तसंच.

कुठला बेडूक, हे मात्र आधी ठरवा

कारण पेटीचा आकार त्यावर ठरतो. नवख्यांसाठी तीन नावं: ल्युकोमेलास (पिवळा-काळा), ऑरॅटस (हिरवा-काळा) आणि टिंक्टोरियस (निळा, पिवळा, पांढरा, बरेच रंग). ल्युकोमेलास व्हेनेझुएला, गयाना त्या बाजूचा, तिकडे कोरडा सीझनही असतो त्यामुळे आपल्या छोट्यामोठ्या चुका तो सहन करतो, दिवसा बाहेर फिरतो, तीन-चार जण एकत्र राहतात आणि नर पक्ष्यासारखी शीळ घालतो. माझं मत विचाराल तर हाच घ्या. ऑरॅटस दणकट पण लाजाळू, पहिले काही महिने पैसे देऊन पानं विकत घेतली की काय असं वाटतं. टिंक्टोरियस मोठा आणि धीट, पण माद्या एकमेकींशी मारामारी करतात, तिथे जोडीच ठेवायची. आणि वेगवेगळ्या जाती एका पेटीत अजिबात नको, रंगीत दिसेल म्हणून मोह होतो पण ताण, भांडणं आणि संकर, तिन्ही कटकटी होतात.

पेटी आणि तिचं झाकण

दोन बेडकांसाठी १८ × १८ × १८ इंचाची, पुढून दार उघडणारी काचेची पेटी पुरते. एक्झो टेराची मिळते, बाकीच्या कंपन्यांच्याही मिळतात. नाहीतर २० गॅलनचा जुना फिशटँक आणि वर काचेचं झाकण, हेही चालतं आणि बरंच स्वस्त पडतं, फक्त वरून हात घालायचा तर बेडूक घाबरतो आणि साफसफाईला पाठ मोडते. सेकंडहँड घेतलात तर आधी गरम पाण्याने घासून, सौम्य ब्लीचने धुवून, वास पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुवा.

या विकतच्या पेट्यांना वर जाळीचं झाकण असतं, ते सरड्यांसाठी केलेलं, त्यातून सगळा ओलावा उडून जातो. थंडीत घरातलं हीटिंग सुरू झालं की तर विचारूच नका, सकाळी मारलेला फवारा दुपारपर्यंत गायब. म्हणून जाळीवर काच बसवायची, मागच्या बाजूला दोनेक इंचांची पट्टी हवेसाठी मोकळी सोडून. काच हार्डवेअरच्या दुकानात मापाने कापून मिळते. अ‍ॅक्रिलिक आणू नका, मी आणलं होतं, खालून ओल आणि वरून लाइटची ऊब, दोन आठवड्यात पापडासारखं वाकलं. मोकळ्या पट्टीची जाळीही बारीक हवी, नाहीतर फळमाश्या त्यातून निघून स्वयंपाकघरात येतात. दोन दारांच्या मधल्या फटीतूनही येतात, तिथे पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी चिकटवा.

जागा ठरवताना खिडकीजवळ नको. दिवसातून अर्धा तास ऊन आलं तरी काचेची बंद पेटी म्हणजे उन्हात उभी केलेली गाडी.

खालून वर: पाणी, जाळी, माती, पानं

सगळ्यात खाली पाणी साठायला थर लागतो. एकतर भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या, ज्या हायड्रोपोनिक्सवाले वापरतात, दोन इंच पसरायच्या, किंवा ऑफिसच्या छतात ट्यूबलाइटखाली चौकोनी खणांची प्लॅस्टिक शीट असते ती कापून पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवर उभी करायची. गोळ्या सोप्या, शीट हलकी, आणि हलकी म्हणजे खरंच महत्त्वाचं, कारण भरलेली ओली पेटी एकट्याने उचलता येत नाही. एका कोपऱ्यात एक उभा पाइप सोडून ठेवा, त्यातून जास्तीचं पाणी नळीने ओढून काढता येतं. मी पहिल्यांदा सोडला नव्हता, चार महिन्यांनी पेटी तिरकी करून मगाने पाणी काढत बसलो होतो.

त्यावर खिडकीला लावतो ती फायबरग्लासची मच्छरजाळी, म्हणजे माती खाली घसरत नाही. धातूची जाळी गंजते, ती नको.

मातीला इथे एबीजी मिक्स म्हणतात, अटलांटा बोटॅनिकल गार्डनवरून पडलेलं नाव. वृक्षनेच्याचे धागे दोन भाग, ऑर्किडची साल दोन भाग, आणि पीट मॉस, स्फॅग्नम मॉस, कोळसा प्रत्येकी एक भाग. तयार पिशवी मिळते, पहिल्या वेळी तीच घ्या. साधी कुंडीची माती नको, तिच्यात खत असतं आणि पांढरे पर्लाइटचे दाणे असतात. नुसती कोकोपीटही नको, स्वस्त पडते पण काही महिन्यांत दबून चिखल होतो आणि मुळं कुजतात.

मातीवर पानांचा थर, इंच-दीड इंच, आणि यात कंजूषी नको, कारण बेडूक याच्याखाली लपतात, याच्यावर फिरतात आणि किडे याच्यातच वाढतात. मॅग्नोलियाची, लाइव्ह ओकची चालतात, आणि तिसरी जी सगळ्यात भारी समजली जातात ती 'इंडियन आल्मंड'ची. पहिलं पाकीट उघडलं आणि मी हसतच सुटलो. आपल्या शाळेच्या मैदानावरच्या बदामाची पानं! ज्याची फळं दगडाने फोडून आतला एवढासा गर खायचो त्याच झाडाची लालसर वाळकी पानं इथे मी दहा-दहाच्या पाकिटात डॉलर देऊन घेतो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आपल्या दारातली रोज झाडून कंटाळले, पोतं भरून पाठवू का. (नको, कस्टमवाले धरतील.) पानं कुठलीही असोत, औषध न फवारलेली घ्या आणि दहा मिनिटं उकळून घ्या.

लपायला करवंटी. ही गोष्ट आपल्याला शिकवावी लागत नाही. अर्धी करवंटी, आतलं खोबरं पूर्ण खरवडून उकळलेली, कडेला दारापुरती खाच पाडून पालथी घालायची, आणि खाली एक पेट्री डिश. या जातीचे बेडूक अंडी घालतात ती बऱ्याचदा इथेच. पेट शॉपमध्ये हीच करवंटी 'कोको हट' म्हणून महाग मिळते, मी इंडियन ग्रोसरीतून नारळ आणतो, खोबऱ्याची चटणी आपल्याला, घर त्यांना.

मागच्या भिंतीला फोम आणि सिलिकॉन लावून खडक-बिडक करतात, दिसतं सुंदर, पण पहिल्या पेटीत गरज नाही, बुचाच्या सालीचे दोन-तीन मोठे तुकडे उभे केले तरी बेडूक खूश. करायचंच असेल तर बुरशीविरोधक औषध नसलेलं शंभर टक्के सिलिकॉन घ्या. वाळताना त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, पेटी रात्रभर बंद ठेवून सकाळी दार उघडून नाक घालायचं, जरा जरी आंबूस वास आला तरी अजून थांबायचं.

झाडं आणि बारीक मंडळी

मनी प्लांट, पेपरोमिया, भिंतीवर चढणारी फायकस प्युमिला, आणि एकदोन ब्रोमेलिअड. मनी प्लांट मरतच नाही, सुरुवातीला भरवशाचा तोच. ब्रोमेलिअड मातीत लावू नका, बुडातून कुजतं, बुचाच्या सालीवर किंवा फांदीवर बांधा. नर्सरीतून आणलेल्या झाडाची माती मुळांपासून पूर्ण धुवून काढा, औषधं आणि गोगलगायी दोन्ही तिच्यातूनच येतात.

मग सोडायचे मातीतले बारीक किडे, स्प्रिंगटेल आणि बुटके पांढरे आयसोपॉड. हे बुरशी, कुजकं पान, बेडकाची घाण सगळं खातात, म्हणजे पेटीतले सफाई कामगार, आणि लहान बेडकांना वरचा खाऊ म्हणूनही होतात. स्प्रिंगटेलचं कल्चर कोळशाच्या तुकड्यांवर डब्यात मिळतं, त्यात पाणी ओतलं की पांढऱ्या ठिपक्यांसारखे सगळे वर तरंगतात, ते पाणी पेटीत ओतायचं, झालं. अर्धा डबा मागे ठेवा, आठवड्याला तांदळाचे चार दाणे टाका, ते वाढत राहतात. यांना महिनाभर एकटं राहू द्या. याच काळात पेटीत पांढरी बुरशी येईल, घाबरू नका, काढूही नका, स्प्रिंगटेल बघून घेतात.

लाइट, पाणी, मोजमाप

लाइट झाडांसाठी. ६५०० केल्विनचा एलईडी, टायमरवर १२ तास. हीटिंग मात्र नको. या बेडकांना उष्ण कटिबंधातले म्हणून लोक तापवायला जातात, पण ते राहतात जंगलातल्या सावलीत. ७० ते ८० फॅरेनहाइट, म्हणजे २१ ते २७ सेल्सिअस एवढंच हवं, जे घरात बहुतेक असतंच. ८५च्या, म्हणजे साधारण २९-३०च्या वर गेलं तर जीव जाऊ शकतो. जुलैत आमचा एसी बंद पडला तेव्हा पेटीत ८४ दिसत होतं, लाइट बंद केला, जाळीच्या पट्टीवर बर्फाच्या बाटल्या ठेवल्या, आणि रात्री बेडूक ओल्या मॉससकट प्लॅस्टिकच्या डब्यात घालून बेसमेंटमध्ये नेले. दोन दिवस ते तिथे आणि मी वरखाली. तेव्हापासून उन्हाळ्यात फ्रीजरमध्ये दोन बाटल्या कायम असतात, आइस्क्रीमला जागा नाही म्हणून बोलणी खातो.

ओलावा ७०-८० टक्क्यांच्या वर ठेवायचा, पण दिवसभर काच धुकटलेली असेल तर हवा कमी पडतेय. सकाळी फवारा, दुपारपर्यंत पुढची काच कोरडी, संध्याकाळी पुन्हा फवारा, एवढं जमलं की झालं. सुरुवातीला हाताने दाबायचा बागेतला प्रेशर पंप पुरे. मिस्टकिंगसारखी ऑटोमॅटिक सिस्टिम छान असते, पण ती भारतात सुट्टीवर जाताना लागते, पहिल्या महिन्यात नाही. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड. नळाचं नको, त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं आणि क्लोरामाइन रात्रभर उघडं ठेवूनही उडत नाही, शिवाय जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात ते काही केल्या निघत नाहीत.

तापमान आणि ओलावा मोजायला डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर, सेन्सर आत जाणारा. चिकटवायची गोल काट्याची डायल घेऊ नका. माझी पेटीतही ६० दाखवायची आणि टेबलावर काढून ठेवली तरी ६०च.

न घ्यायच्या गोष्टी एका दमात सांगतो: हीट मॅट, गरम दगड, लाल बल्ब, धूर सोडणारा फॉगर, धबधब्याचा पंप, रंगीत वाळू, खोल पाण्याची वाटी. एका दुकानात मला यातल्या चार गोष्टी 'मस्ट' म्हणून दिल्या होत्या, चारही आता गॅरेजमध्ये आहेत. फॉगरने फोटो भारी येतो, बाकी काही नाही.

माश्या: इथेच खरी परीक्षा

पेटी सगळ्यांनाच जमते. लोक हा छंद सोडतात ते माश्यांमुळे. हे बेडूक जिवंत आणि हलणारंच खातात, पेलेट-बिलेट काही नाही, आणि त्यांचं तोंड एवढंसं, त्यामुळे न उडणाऱ्या फळमाश्या हेच रोजचं जेवण. फळमाशी म्हणजे आपलं चिलट. बायकोचं म्हणणं, आंब्याच्या दिवसात आयुष्यभर जी हाकलली ती आता पैसे देऊन घरात आणायची. बरोबर आहे तिचं.

दोन प्रकार. मेलॅनोगास्टर लहान, कल्चर लावल्यापासून दोन आठवड्यात माश्या निघतात. हायडी मोठी, तिला तीन-चार आठवडे. मेलॅनोगास्टरने सुरुवात करा. ३२ औंसाचे प्लॅस्टिकचे कप, हवेचं झाकण असलेले, आत बटाट्याचे फ्लेक्स, पिठीसाखर, ब्रूअर्स यीस्ट आणि चिमूटभर दालचिनी, त्यावर गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओतायचं, मऊ उपम्याइतकं घट्ट झालं पाहिजे, पातळ झालं तर माश्या बुडतात. थंड झालं की वर लाकडाच्या किसाच्या लांब तारा किंवा कॉफी फिल्टर, माश्यांना चढायला, मग जुन्या कपातल्या पन्नासेक माश्या. कपावर मार्करने तारीख. दर रविवारी एक नवा कप, चुकवायचा नाही, कारण आज चुकवलेला रविवार दोन आठवड्यांनी उपाशी बेडूक म्हणून समोर येतो. महिना झालेला कप फेकून द्या, त्यात माइट्स नावाचे बारीक किडे होतात आणि ते बाकीच्या कपांत पसरतात. बेडूक आणण्याआधी असे निदान तीन कप तुमच्या हाताने यशस्वी झालेले हवेत.

खायला देताना कप टेबलावर दोनदा आपटायचा, माश्या खाली पडतात, त्या क्षणात झाकण उघडून दुसऱ्या रिकाम्या कपात झटकायच्या, त्या कपात आधीच चिमूटभर कॅल्शियम पावडर, आणि गोल फिरवायचं. बोंबील रव्यात घोळवतो तशा पांढऱ्या झाल्या पाहिजेत. मग पानांवर टाकायच्या, अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक संपतील एवढ्याच. पहिल्यांदा माझं झाकण उघडं राहिलं, त्या रविवारच्या पोह्यांत काय काय होतं ते पाहुण्यांना अजून सांगितलेलं नाही.

पावडरीवर पैसे वाचवू नका. डी-३ असलेली कॅल्शियम-व्हिटॅमिन पावडर प्रत्येक वेळी, मी रेपाशी कंपनीची वापरतो, आणि महिन्यातून एकदोनदा व्हिटॅमिन एची वेगळी. एची कमतरता झाली तर बेडूक माशीवर झडप घालतो पण जीभ पकडत नाही. डबा उघडल्यावर सहा महिन्यांनी टाकून द्यायचा, अर्धा उरला तरी. आपल्या मनाला त्रास होतो, पण व्हिटॅमिन उडून गेलेलं असतं.

आणि मग बेडूक

घरात पैदास झालेलाच घ्या, माहितीतल्या ब्रीडरकडून, पाण्याबाहेर येऊन तीन-चार महिने झालेला. डेंड्रोबेटिस आणि फायलोबेटिस १९८७ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहेत आणि जंगलातून चोरून आणलेल्यांचा धंदा चालतोच, म्हणून आई-बाप कुठले हे विचारायला लाजू नका. पेटीत थेट सोडायचं नाही. महिनाभर ओल्या पेपर टॉवेलच्या साध्या डब्यात, थोडी पानं, एक करवंटी, आणि तेवढ्यात एक्झॉटिक प्राण्यांच्या डॉक्टरकडून विष्ठा तपासून घ्या आणि बेडकांच्या कातडीला होणाऱ्या कायट्रिड बुरशीची स्वॅब टेस्ट करा.

भारतातून वाचत असाल तर एक सांगतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात साइट्सच्या प्राण्यांचं वेगळं परिशिष्ट आलं आणि असे प्राणी बाळगायचे तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, त्यामुळे कुणी कागदांशिवाय देत असेल तर हात लावू नका. आणि पर्याय म्हणून आंबोलीहून बेडूक उचलून आणायचा विचार तर मनातही आणू नका. बेडकाशिवाय हीच पेटी, हीच झाडं, पावसाळ्यात घाटातला कातळ घरी आल्यासारखी दिसते, तेवढी करून बघा.

माझा खर्च: सगळं मिळून साडेचारशे डॉलरच्या आसपास, त्यात दोन्ही बेडकांचे सव्वाशे, आणि गॅरेजमधलं सामान धरलेलं नाही. हे बेडूक दहा-पंधरा वर्षं जगतात, तोही हिशेब घरात आधी बोलून घ्या, कारण घर बदललं, गाव बदललं तरी रविवारचा कप चुकत नाही.

पेटीत सोडल्यावर पहिले आठ-दहा दिवस बेडूक दिसणारच नाही. पानं उचकटून शोधू नका, करवंटी उचलू नका. संध्याकाळी टाकलेल्या माश्या सकाळी कमी झाल्यात का, एवढंच बघा.